वाट उडे, लांबते

शुक्रवारी दुपारी सव्वादोनच्या सुमाराला मला कळलं, की गेली पस्तीस वर्षं मी एक गाणं चुकीचं म्हणत आलो आहे. यात आभाळ कोसळण्यासारखं काही नव्हतं. माणसं जन्मभर काय काय चुकीचं करतात आणि वर ढेकर देतात. पण तेव्हापासून मला एका जागी बसवेना. हात धुतले, पुन्हा धुतले. खिशात किल्ली आहे ना ते चाचपलं. नवी चप्पल चावावी तसं काहीतरी चावत होतं आणि नेमकं कुठे ते सापडत नव्हतं.

आमच्या मजल्यावर माणसांना नावं नाहीत, अवयव आहेत. जिन्याजवळचा चष्मेवाला म्हणजे डोळे. त्याच्यासमोर लोकांकडून व्यायाम करून घेणारी बाई म्हणजे कंबर. कोपऱ्यातल्या प्रयोगशाळेतली रक्त. आणि मी कान. ‘डोळे आला का?’, ‘रक्त घरी गेली,’ असं आम्ही बिनदिक्कत बोलतो. व्याकरणाची वाट लागते, पण मैत्रीत तेवढं चालतं. माझ्या खोलीत एक काचेची खिडकी असलेली, आतून जाड अस्तर लावलेली कोठडी आहे. तिच्यात माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे, आणि ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. अठरा वर्षं मी हेच करतो आहे. समारंभात कुणी भेटलं तरी पहिल्यांदा त्याच्या कानाकडे बघतो, असं माझी बायको म्हणते, आणि ते खरं आहे.

दर शुक्रवारी डबे खाऊन झाले की आमचा गाण्यांचा डाव असतो. एक विषय ठरतो आणि प्रत्येकाने आपलं एक आवडतं गाणं सांगायचं. नियम एकच: आधी घसा, मग फोन. म्हणजे आधी स्वतः म्हणून दाखवायचं, मगच मूळ गाणं फोनवर लावायचं. आपली फजिती झाल्याशिवाय इतरांना खरं गाणं मिळत नाही. त्या दिवशीचा विषय होता कार्टून पिक्चरमधली गाणी. डोळेने थंडीत झोप न येणाऱ्या अस्वलाचं गाणं म्हटलं. मिशीवाला माणूस पण असा काही हळवा झाला की कंबर त्याला थोपटायला लागली. कंबरने समुद्रात वाहून गेलेल्या छत्रीचं गाणं म्हटलं, आणि तिचा मुलगा ते ऐकल्याशिवाय जेवत नसे हेही सांगितलं. रक्तचं गाणं दोन मुंग्यांच्या भांडणाचं होतं. ते तिने दोन्ही आवाजांत म्हटलं आणि शेवटी स्वतःच हसून लाल झाली. मग माझी पाळी. मला विचार करावा लागलाच नाही. माझ्याकडे आहेच एक. एक गोगलगाय पत्र पोचवायला निघते, त्या पिक्चरमधलं. पिक्चर मी बघितलेला नाही, गाणं मात्र पाठ आहे. मुलांना झोपवताना म्हटलंय, स्कूटर चालवताना म्हटलंय, बाबांना जाळून आल्यावर न्हाणीघरात तोंडावर पाणी मारतानाही तेच ओठांवर होतं, आणि मला माझीच लाज वाटली होती. मी घसा साफ केला आणि म्हटलं:

अंगणा रे अंगणा, वाट उडे, लांबते
दूर ऊन आग देई, मन माझे रांगते

“वा!” डोळे म्हणाला. “वाट उडते. गोगलगायीला हे सुचणारच.”

“अंगण कशाला पण तिला?” रक्त म्हणाली. “तिचं घर तर पाठीवर आहे.”

“म्हणूनच अंगणाला हाक मारते. जे नाही तेच माणूस मागतो,” मी म्हणालो. मला हे स्पष्टीकरण फार आवडायचं. लहानपणापासून मी मनाशी असंच ठरवून टाकलं होतं: घर आहे, अंगण नाही, समोर ऊन तापलेलं, वाट उडते आहे आणि लांबत चालली आहे, आणि मन रांगतंय. याहून खरं गाणं मी ऐकलेलं नाही. तोवर कंबरने फोनवर शोधून काढलं होतं. एका बाईचा गोड, जरा नाकातला आवाज आला, चाल अगदी तीच, आणि ती म्हणाली:

सांग ना रे सांग ना, वाट कुठे थांबते?
दूर कुणी हाक देई, मन माझे रांगते

मग तिघं एकदम जे सुटले! डोळेच्या डोळ्यांतून पाणी आलं. “दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा,” कंबर म्हणाली. “अख्ख्या गावाचे कान तपासतो आणि स्वतःच्या कानांत बोळे!” मीही हसलो. मग म्हणालो, पुन्हा लाव. पुन्हा लावलं. मी म्हणालो, दुसऱ्या कुणीतरी गायलेलं असेल, जुनं शोध. रक्त म्हणाली, “अहो कान, हेच जुनं आहे. अंगण विसरा आता.” तिसऱ्यांदा ऐकताना मी हसत नव्हतो. ‘मन माझे रांगते’ एवढं बरोबर होतं. बाकी सगळं माझं, म्हणजे कुणाचं तरी, पण त्या बाईचं नव्हे.

तीन वाजता एक निवृत्त मास्तर आले, बरोबर सून. सून बसायच्या आत सांगायला लागली, “ह्यांना हवं ते बरोबर ऐकू येतं. नको ते नाही. मुद्दाम करतात.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याची पाटी करून भिंतीवर लावावी. मी नेहमीचं समजावलं. आवाजात जाड आणि बारीक असतं. आ, ओ, म, ल, ग हे जाड. स, श, फ, थ, क हे बारीक, जेमतेम हवेचे. काही कानांतून जाड आत जातं आणि बारीक बाहेरच राहतं. मग तो माणूस अर्धा शब्द ऐकतो आणि उरलेला मनाने शिवतो. म्हणून त्याला आवाज येतो, पण बोलणं कळत नाही, आणि घरचे म्हणतात, लक्षच देत नाही. सून मान हलवत होती, पटलेलं नव्हतं. मास्तरांना कोठडीत बसवलं. कागदावरची रेघ डावीकडे, जाड आवाजांपाशी, ठीक होती, उजवीकडे, बारकांपाशी, घसरगुंडीसारखी खाली गेली. मग शब्दांची चाचणी. यात मी समोर बसतो आणि तोंडासमोर एक पुठ्ठा धरतो, कारण असे लोक ओठ वाचतात. त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. मी पुठ्ठ्याआडून म्हणालो, “सात.” मास्तर म्हणाले, “आत.” मी म्हणालो, “काम.” ते म्हणाले, “आम.” पुढे यादीत ‘पान’ होतं, पण माझं लक्ष उडालं होतं, डोक्यात ती नाकातली बाई गात होती, आणि माझ्या तोंडून भलताच शब्द गेला: “हाक.”

“आग,” मास्तर म्हणाले.

माझ्या हातातला पुठ्ठा खाली आला. मास्तर माझ्या तोंडाकडे बघत होते, शांत, जरा ओशाळलेले, मार्क किती मिळाले ते विचारावं तसे. सवयीने मी पुढचा प्रश्न विचारला, जो मी प्रत्येकाला विचारतो: “लहानपणी कधी मोठा ताप आला होता? खूप दिवस इंजेक्शनं घ्यावी लागली होती?” आणि त्यांचं उत्तर लिहायचं राहूनच गेलं. कारण हे गाणं मला ताईने शिकवलं होतं.

मी सहा वर्षांचा होतो, ती नऊची. मला गोवर निघाला होता. टीव्ही शेजारच्या काकूंकडे होता आणि रविवारी तो पिक्चर लागणार होता. मी अंग भरून लाल पुरळ घेऊन आतल्या खोलीत रडत होतो. ताई म्हणाली, “मी बघून येते आणि तुला सगळा सांगते.” ती आली आणि उंबऱ्यावर उभी राहिली, कारण आईने तिला आत यायला बंदी केली होती. उंबऱ्यावरूनच तिने गोगलगाय केली, पत्र केलं, वारा केला. आणि गाणं म्हटलं, मोठ्याने, फार मोठ्याने. ती नेहमीच मोठ्याने बोलायची. आई म्हणायची, हळू, आम्ही काय बहिरे आहोत? रोज ती उंबऱ्यावर येऊन ते गाणं म्हणायची आणि मी पांघरुणातून. तिचं बोट मला दिसायचं, हवेत वाट उडवणारं. शेजारच्या काकूंनी नंतर तक्रार केली होती, तुमची मुलगी टीव्हीला नाक लावून बसते, मागे ओढावं लागतं, डोळे जातील तिचे. सगळ्यांना काळजी डोळ्यांची. आणि त्याच्या तीनेक वर्षं आधी तिला तो मोठा ताप आला होता. महिनाभर दवाखान्यात. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं. ती परत आली तेव्हा घरात केवढा आनंद. पोरगी वाचली. वाचली खरी, आणि मग सगळ्यांना ती जरा आगाऊ, जरा मठ्ठ वाटायला लागली.

मास्तरांचा कागद मी भरला, मशीन लावण्याबद्दल सांगितलं, सुनेला सांगितलं की त्यांच्याशी समोरून बोला, तोंडावर उजेड असू द्या, मागून हाका मारू नका. ती जाताना मी तिच्यावर जरा ओरडलोच, “मुद्दाम कुणी करत नाही हो असं.” ती दचकली. पुढचे दोघे मी पुढच्या आठवड्यावर ढकलले. मग एका वापरलेल्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूला दोन्ही गाणी एकाखाली एक लिहिली. सांग ना, अंगणा. कुठे, उडे. थांबते, लांबते. कुणी, ऊन. हाक, आग. जिथे बारीक होतं तिथे ते गळलं होतं किंवा त्याच्या जागी काहीतरी जाड आलं होतं. ‘मन माझे रांगते’ तेवढं सगळं जाड, म्हणून तसंच्या तसं. मला रेघ काढायचीही गरज नव्हती. नऊ वर्षांच्या मुलीची तपासणी मी रोज गुणगुणत होतो, पस्तीस वर्षं, आणि तिच्यावरच मुलांना झोपवत होतो.

ताईला श्रुतलेखनात भोपळा मिळायचा. बाई बाकांमधून फिरत सांगायच्या, आणि पाठमोऱ्या झाल्या की ताईच्या वहीत भलतंच काहीतरी उमटायचं. प्रगतिपुस्तकात दरवर्षी एकच शेरा: लक्ष देत नाही. आई म्हणायची, “माझ्या तोंडाकडे काय बघत राहतेस बावळटासारखी?” दहावीनंतर शिक्षण थांबलं, कुणाला वाईटही वाटलं नाही. ती फोनवर ‘हो, हो, बरं, ठेवते’ एवढंच बोलते, म्हणून ती शिष्ट. चार बायकांत गप्प बसते, म्हणून ती आतल्या गाठीची. मी ज्या वर्षी हा धंदा शिकलो त्या वर्षी तिला दोन मुलं होती. येणाऱ्याजाणाऱ्याला मी कानांवर व्याख्यानं द्यायचो, माझ्या सासऱ्यांचे, मेहुण्याचे, घरमालकाचे कान तपासले, दूधवाल्याला धरून कोठडीत बसवलं. तिला नाही. सुचलंच नाही. घरची माणसं आपल्याला पाठ झालेली असतात आणि पाठ झालेलं कोण पुन्हा वाचतो.

आणि मग ती दुपार. त्या आठवणीपाशी मला जायचं नव्हतं. कागदाची घडी घालून खिशात ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. दोन वर्षांपूर्वी, बाबांचे शेवटचे दिवस. त्यांचा आवाज गेला होता, घशातून नुसती हवा यायची. ताई पंधरा दिवस येऊन राहिली होती. मी औषधं घेऊन आलो तर दारातून दिसलं: बाबा अर्धवट उठलेले, एक हात हवेत, ओठ हलताहेत, ‘ताई, ताई, पाणी’, आणि ती दोनच हातांच्या अंतरावर, खिडकीपाशी पाठ करून त्यांच्या सदऱ्याला गुंडी लावत बसलेली. गुणगुणत. बाबांनी पुन्हा हाक मारली. ती दोरा दाताने तोडत होती. भांडं खाली पडलं तेव्हा तिने मान वळवली. मी पिशवी फेकली आणि ओरडलो, “बहिरी आहेस का?” अठरा वर्षं मी जो शब्द कुणासमोर उच्चारत नाही, त्याऐवजी ‘ऐकायला जरा कमी येतं का?’ असं जो घोळून घोळून विचारतो, तो मी. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी बाबांना पाणी पाजलं आणि खोलीतून निघून गेलो. चार दिवसांनी बाबा गेले. तेव्हापासून मी तिच्याशी बोललेलो नाही. भाऊबहीण म्हणून जी काही देवघेव उरते ती बायकोमार्फत. बाबांनी पाणी मागितलं आणि ती गात होती. एवढं वाक्य मी जपून ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या वाक्याचा मला आधार होता. दुःखापेक्षा राग बरा. रागात निदान आपण बरोबर असतो.

बसमध्ये मी उभाच राहिलो, जागा असून. मनाचा एक तुकडा अजून भांडत होता. योगायोग असेल. पोरं गाणी चुकीची म्हणतातच. नऊ वर्षांची मुलगी काय, ऐकलं तसं ठोकून दिलं. आणि बाबांची हवेसारखी हाक जिच्या कानात शिरत नाही, तिला बाकी सगळं आयुष्य निभावता कसं आलं असतं? मग माझंच मला उत्तर मिळायचं: जसं गाणं निभावलं तसं. अर्धं ऐकून, उरलेलं मनाने शिवून, आणि इतकं नेटकं की मला पस्तीस वर्षं टाका दिसला नाही. मी उतरायचा थांबा चुकलो. एक थांबा मागे चालत आलो. मला भीती वाटत होती. तिने ऐकलं नसेल याची, आणि ऐकलं असेल याचीही.

तिच्या दाराची घंटा पाखरासारखी किलबिलणारी आहे, सगळी बारीक. मी ती दाबली नाही. मुठीने दारावर दोन जाड थापा मारल्या. आतून शिलाई मशीनचा आवाज थांबला. दार उघडलं तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या होत्या आणि गळ्यात मोजायची पट्टी. ती लोकांचे कपडे लहानमोठे करून देते. तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग डोळ्यांकडे. टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. “जेवून आलायस?” म्हणाली, जरा मोठ्याने, जणू मी कालच गेलो होतो. भाऊजी घरी नव्हते. मी आत गेलो, खिडकीकडे पाठ करून बसणार होतो, मग उठलो, खुर्ची फिरवली आणि माझ्या तोंडावर उजेड येईल असा बसलो. ती हे बघत होती. तिचा चेहरा जरा बदलला. बसमध्ये जुळवलेलं सगळं बोलणं माझ्या डोक्यातून गेलं. मी म्हणालो:

“अंगणा रे अंगणा...”

“वाट उडे, लांबते,” तिने लगेच पुढे म्हटलं, आणि तिचं बोट हवेत गेलं. “अगंबाई! तुझ्या गोवराचं. लक्षात आहे तुझ्या?”

“चूक आहे ते, ताई.”

“काय चूक?”

“गाणं. मी आज खरं ऐकलं. ‘सांग ना रे सांग ना, वाट कुठे थांबते’ असं आहे.”

तिने ओठ हलवून बघितले, माझे बघून. “सांग ना,” म्हणाली. “असं होय? मग आग?”

“आग नाहीये. हाक आहे. दूर कुणी हाक देई.”

“हाक,” ती म्हणाली. तिच्या तोंडात तो शब्द नवा होता, नुकत्याच घेतलेल्या भांड्यासारखा ती तो फिरवून बघत होती. मग तिने गळ्यातली पट्टी काढली आणि मांडीवर गुंडाळायला लागली. गुंडाळून झाली, पुन्हा सोडली. तिला कळलं होतं मी का आलोय. तिला नेहमीच चेहऱ्यांवरून कळतं, आम्ही त्याला आगाऊपणा म्हणायचो. मला तोच प्रश्न विचारायचा होता, दुसरा नाहीच. अठरा वर्षांत गोळा केलेले सगळे सभ्य शब्द माझ्याजवळ होते आणि एकही उपयोगाचा नव्हता.

“ताई,” मी म्हणालो, “बहिरी आहेस का गं तू?”

ती पट्टी गुंडाळत राहिली. मला वाटलं, हेही गेलं नाही का आत? मग ती म्हणाली, “तेव्हा विचारलं होतंस ना, बाबांच्या खोलीत. मला इतकं हलकं वाटलं होतं बघ. म्हटलं, विचारलंन एकदाचं. एवढ्या लोकांना विचारतो, कधी तरी मलाही विचारेल, म्हणून मी किती वर्षं थांबले होते. मी ‘हो’ म्हटलं होतं.”

“कधी?”

“तेव्हाच. दोनदा म्हटलं.”

मला तो ‘हो’ आठवेना. मला फक्त माझी पाठ आठवत होती, दाराकडे जाणारी. तिने पुढे होऊन माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, “अरे, तू पाठमोरा होतास. कसं ऐकू येणार?”